अम्मीचं नाव आणि १२ हजार रुपये

"बेटा, मेरा नाम इत्ता मुश्किल हय क्या?"

अम्मीने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसलो होतो. रमजान संपून दीड महिना झाला होता. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य आलं होतं. त्याचा अर्थ एवढाच होता की, तुम्ही दिलेलं नाव आमच्याकडच्या नावाशी जुळत नाही. कॅफेतला मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आपा, नाम में मिस्टेक हय." मी काही बोलले नाही. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. नावं लिहिणं हे माझं २० वर्षांचं काम आहे. आणि माझ्या स्वतःच्या आईचं नाव सरकारदरबारी कसं लिहिलं आहे, हे मला नीट माहीत नव्हतं.

गोष्ट पैशाची आहे, म्हणून आधी पैशाचं सांगते.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतून बहिणीचं लग्न आणि घराचं छप्पर झालं. जे उरलं ते त्यांनी बँकेत ठेवलं. २०१९ मध्ये अब्बा गेले आणि ती ८ लाखांची ठेव अम्मीच्या नावावर झाली. साडेसात टक्क्यांनी वर्षाला ६० हजार व्याज. त्याशिवाय अब्बांच्या मागे महिन्याला दीड हजाराच्या आतली पेन्शन. ७१ वर्षांच्या बाईचं हे सगळं उत्पन्न. वर्षाचं धरलं तरी ८० हजारांच्या पुढे जात नाही. ज्या देशात तेव्हा ३ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ज्येष्ठ नागरिकाला कर नव्हता, तिथे अम्मी करदात्यांच्या यादीत येण्याचं कारणच नव्हतं.

पण २०२४ च्या एप्रिलमध्ये, रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात, मी पासबुक भरून आणलं आणि ओळी मोजत बसले. दर तिमाहीच्या व्याजाखाली एक कपातीची नोंद होती. वर्षभराची बेरीज केली, १२ हजार. म्हणजे व्याजाचा पाचवा हिस्सा. ईदचे कपडे, फितरा, अम्मीची औषधं, सगळं त्या व्याजावर चालतं. ती वर्षभर म्हणत होती की, "इस बार ब्याज कम आया." आम्ही म्हणत होतो, दर कमी झाले असतील.

बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिने पाहून सांगितलं, "मॅडम, आजींचं पॅन इनऑपरेटिव्ह आहे. म्हणून २० टक्के कापलेत." मी म्हटलं, आम्ही १५ एच फॉर्म भरून दिला होता, उत्पन्न करपात्र नाही म्हणून. ती म्हणाली, पॅन चालू नसेल तर तो फॉर्म धरत नाहीत.

इथे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण आपल्या वस्त्यांमध्ये हे अजून अनेकांना कळलेलं नाही. आयकर कायद्यात २०१७ मध्ये १३९ एए हे कलम आलं. पॅन आणि आधार जोडणं सक्तीचं झालं. मुदती वाढत वाढत गेल्या आणि शेवटची मुदत ३० जून २०२३ ला संपली. १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन कार्डं निष्क्रिय झाली. निष्क्रिय म्हणजे काय? म्हणजे तुमच्या व्याजावर दुप्पट, म्हणजे १० ऐवजी २० टक्के कपात होते. जादा कापलेला कर परत मिळत नाही. आणि पुढे कधी पॅन चालू करून घेतलंत, तरी मधल्या काळाचं त्या परताव्यावरचं व्याज सरकार देत नाही. जोडणीसाठी १ हजार रुपये शुल्क वेगळं.

८० वर्षं पूर्ण केलेल्यांना यातून सूट आहे. अम्मी ७१ ची. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने ती अजून तरुण.

ठीक आहे, म्हटलं. चूक आपली. मुदत पाळली नाही. १ हजार भरू आणि जोडून टाकू. शुल्क भरलं, चार दिवसांनी जोडणीचा अर्ज केला, आणि ते लाल वाक्य आलं.

आता नावाचं सांगते. अम्मीचं खरं नाव इथे देत नाही, समजा ते मेहरुन्निसा आहे. घरी आल्यावर मी तिची ट्रंक उघडली आणि सगळे कागद चटईवर मांडले. रेशनकार्डावर 'मेहरूनबी'. बिडी कामगाराच्या कार्डावर 'मेहरबी शेख'. पॅनवर 'मेहरुन्निसा महेबूब शेख'. आधारवर 'शेख मेहरुन्निसा बी'. बँकेत 'मेहरूनबी महेबूब शेख'. निकाहनाम्यावर उर्दूत 'मेहरुन्निसा बेगम'. एक बाई, एक नवरा, ५० वर्षांत एकच घर, आणि नावं सहा. जन्मतारखाही दोन. पॅनवर १ जानेवारी १९५३, आधारवर १ जून १९५३.

यातलं एकही नाव खोटं नाही. 'बी' आणि 'बेगम' ही आमच्याकडे आदराची जोड आहे, जशी 'बाई' किंवा 'ताई'. रेशनच्या माणसाने ऐकलं तसं लिहिलं. बिडीच्या कारखान्यातल्या मुकादमाला लांब नाव लिहायला जागा नव्हती. आधारवाल्याने मराठवाड्याच्या पद्धतीने आडनाव आधी टाकलं. पॅन काढून देणाऱ्या एजंटाने नवऱ्याचं नाव मधे घातलं, कारण महाराष्ट्रात सगळ्यांचं तसंच असतं. प्रत्येकाने आपापल्या परीने तिला ओळखलं. फक्त तिला कुणी विचारलं नाही की, तू तुझं नाव कसं लिहितेस. विचारलं असतं तर तिने उर्दूत लिहून दाखवलं असतं.

आणि इथेच खरी अडचण आहे. उर्दूत 'ज़' या एका आवाजासाठी चार अक्षरं आहेत, ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय. मराठीत ती चारही 'ज'मध्ये किंवा 'झ'मध्ये येतात. म्हणून माझ्या वर्गात झुबेर, जुबेर आणि जुबैर अशी तीन मुलं आहेत आणि तिघांच्या घरी उर्दूत एकच नाव लिहितात. तिथून इंग्रजीत गेलं की आणखी फाटे. 'शेख'चंच बघा. कुणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कुणी ए च्या जागी ई घालतो, आंध्र-तेलंगणाकडचे पाहुणे शेवटचा एच गाळतात, आणि काही ठिकाणी नुसतं एस-के. 'मोहम्मद'चा तर 'एमडी' होतो. माझ्या एका चुलतभावाला बँकेतल्या शिपायाने विचारलं होतं, "साहेब, तुम्ही कुठल्या दवाखान्यात?" 'अब्दुल'चं आणखी वेगळं. अब्दुल हे अर्धं नाव आहे, पुढे रहमान, रहीम, करीम काहीतरी हवंच. पण फॉर्मला पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी ठाऊक. अब्दुल एका चौकटीत जातो, रहमान दुसरीत, आणि बापाला जागाच उरत नाही.

हा फक्त आमचा प्रश्न आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तमिळ माणसाला आडनाव नसतं, बापाच्या नावाचं आद्याक्षर असतं. पॅनच्या अर्जात आडनाव सक्तीचं आहे, म्हणून एकच नाव असलेल्या माणसाने आपलं नाव आडनावाच्या चौकटीत लिहायचं असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या माझ्या मराठी सहकारी बाईंच्या पदव्या माहेरच्या नावावर आणि पगार सासरच्या नावावर आहेत. माझंही तेच. बीएडचं प्रमाणपत्र अब्बांच्या नावाचं, सेवापुस्तक नवऱ्याच्या नावाचं. पण आम्ही नोकरी करणाऱ्या बायका राजपत्रात नाव छापून आणतो, सही-शिक्के गोळा करतो, आणि निभावतो. बिडी वळणारी बाई हे कुठून करणार?

तर जोडणीसाठी एक नाव दुसऱ्यासारखं करून घेणं आलं. ठरवलं, आधारवरचं ठेवू आणि पॅन दुरुस्त करू. त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. अम्मीच्या आधारला नंबर होता अब्बांचा. अब्बा गेल्यावर आम्ही तो रिचार्ज केला नव्हता. मी तो नंबर लावून पाहिला. रिंग वाजली. पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, "हॅलो, कोण?" मी फोन ठेवला. अम्मी शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "किसकू लगाया?" मी म्हटलं, राँग नंबर.

आधारला मोबाइल नंबर बदलायचा तर तेव्हा केंद्रावर स्वतः जावं लागायचं. तालुक्याच्या गावी केंद्र, सकाळी टोकन. रिक्षाने एसटी स्टँड, एसटीने तालुका, तिथून चालत. तेव्हा शुल्क ५० रुपये होतं. यंत्रावर बोटं ठेवायला सांगितली. अम्मीने ३० वर्षं बिड्या वळल्यात. तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तिच्या बोटांच्या रेघा पुसल्या गेल्यात. दहाही बोटं झाली, यंत्र नाही म्हणालं. केंद्रावरच्या पोराने कापडाने बोटं पुसली, ओली केली, पुन्हा लावली. शेवटी डोळ्यांवर आलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिसऱ्या प्रयत्नात डोळा जुळला. त्या पोराला मी मनापासून दुआ दिली, कारण त्याच्या मागे ४० माणसांची रांग होती आणि तो एकदाही चिडला नाही.

मोबाइल जुळला. मग पॅन दुरुस्तीचा अर्ज, १०७ रुपये. नाव आणि जन्मतारीख दोन्ही आधारप्रमाणे. नवं कार्ड आलं. मग पुन्हा जोडणी. या वेळी हिरवं वाक्य आलं. पॅन चालू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागतात असं नियमात आहे, ते थांबलो.

मग कराच्या खात्यात शिरायची वेळ आली. १२ हजार परत हवे असतील तर विवरणपत्र भरायला हवं, आणि ते ऑनलाइनच. नोंदणीसाठी मोबाइलवर एक ओटीपी आणि ईमेलवर दुसरा. अम्मीला ईमेल? माझ्या भाच्याने तिच्या नावाने एक काढून दिला. पासवर्ड ८ ते १४ अक्षरांचा, त्यात मोठं अक्षर, छोटं अक्षर, आकडा आणि एखादं चिन्ह. ओटीपी १५ मिनिटं चालतो, प्रयत्न तीन. कॅफेचं नेट मधेच गेलं आणि पान सुरुवातीला परत आलं. हे तीनदा झालं. असरची अजान झाली, मगरिबची झाली. अम्मी खुर्चीत बसून तसबीह फिरवत होती.

शेवटचा अडथळा बँकेचा. परतावा ज्या खात्यात यायचा ते खातं आधी पडताळावं लागतं, आणि बँकेतलं नाव पॅनशी जुळावं लागतं. बँकेत ती अजून 'मेहरूनबी महेबूब' होती. म्हणजे पुन्हा बँक, पुन्हा फॉर्म, फोटो, झेरॉक्स, आठवडा.

विवरणपत्र २९ जुलैला भरलं गेलं. आधारच्या ओटीपीने ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करायची असते, ती तिथल्या तिथे केली. ऑक्टोबरात पैसे आले. शुल्क, कार्ड, कॅफे, रिक्षा, एसटी मिळून २ हजारांच्या वर गेले आणि माझ्या तीन किरकोळ रजा. ज्या बाईला एक रुपयाही कर लागू नव्हता, तिचे १२ हजार सरकारकडे महिनोन्महिने पडून राहिले. ते बाहेर काढायला सहा महिने, सहा नावं आणि एक लेक लागली. जिला लेक नाही, तिचं काय?

आता माझं म्हणणं मांडते.

ऑनलाइन व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं विवरणपत्र मी अर्ध्या तासात भरते. पगाराचे आकडे आधीच भरलेले असतात, परतावा असला तर काही आठवड्यांत येतो. माझे अब्बा १६ नंबरचा फॉर्म घेऊन वकिलाकडे जायचे, दोन दिवस बसायचे, चहापाणी वेगळं द्यायचे. ते गेलं हे चांगलंच झालं. २०२१ च्या ७ जूनला नवं पोर्टल आलं तेव्हा ते इतकं अडखळलं की ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला अर्थमंत्रालयाने बोलावून घेतलं, आणि त्या वर्षीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. तेव्हापासून ते पुष्कळ सुधारलं, हेही मान्य करते.

पण ते ज्यांच्यासाठी सुधारलं, ती माणसं वेगळी. ज्याचा पगार बँकेत येतो, ज्याचा नंबर कधी बदलत नाही, ज्याचं नाव तीन चौकटींत नीट बसतं, त्याच्यासाठी दार आपोआप उघडतं. बाकीच्यांना ते दार दिसतं, पण त्याला कडी नाही, घंटा नाही, आणि आत माणूस नाही. पूर्वी तहसील कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसायचा. पाच-दहा रुपये घ्यायचा, पण तुमचं म्हणणं ऐकायचा, आणि आत कुठल्या टेबलावर जायचं ते सांगायचा. आज ती जागा सायबर कॅफेतल्या १९ वर्षांच्या मुलाने घेतली आहे. अम्मीचं आधार, पॅन, ईमेल, पासवर्ड सगळं त्या मुलाच्या वहीत लिहिलेलं आहे. मी ते पान फाडून आणलं, पण बाकीच्यांची पानं तिथेच आहेत. सुरक्षिततेच्या नावाखाली इतके ओटीपी ठेवले, आणि शेवटी म्हाताऱ्या माणसांच्या किल्ल्या कॅफेच्या वहीत जमा झाल्या. ही कसली सुरक्षितता?

लोक म्हणतात, नियम कडक नसते तर खोटे परतावे उचलले जातात. ते खरं आहे. दुसऱ्याच्या नावावर पैसे काढणारे आहेतच. पण अम्मीच्या बाबतीत काय होतं बघा. आधार क्रमांक तोच, डोळा तोच, फोटो तोच. आणि तरी नावातल्या 'बी'वरून सगळं अडलं. ज्या यंत्राला बुबुळ ओळखता येतं, त्याला 'मेहरुन्निसा महेबूब शेख' आणि 'शेख मेहरुन्निसा बी' एकच असू शकतात ही शंकासुद्धा येऊ नये? नाव जुळलं नाही तर केंद्रावर जाऊन बायोमेट्रिकने जोडणी करता येते, अशी सोय नियमात आहे. मला ती सगळं संपल्यावर कळली. लाल वाक्याखाली एक ओळ मराठीत किंवा उर्दूत लिहिली असती की, 'नाव जुळत नसेल तर अमुक ठिकाणी जा', तर दोन महिने वाचले असते.

आणि दंडाचं काय? जादा २० टक्के कपात, मधल्या काळाचं व्याज नाही, वर १ हजार शुल्क. करबुडव्यासाठी हे ठीक. पण जिला करच लागू नाही तिच्यासाठी हा दंड कसला? अम्मीच्या बाबतीत उत्तर एवढंच आहे की, स्पेलिंगचा. पगारदार माणूस जोडणी करून कधीच मोकळा झाला. मागे राहिल्या त्या विधवा, म्हाताऱ्या, ज्यांचा मोबाइल नवऱ्याच्या नावावर होता. दंडाचं ओझं नेमकं ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्यावर पडलं.

मार्ग नाही असंही नाही. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना, पेन्शन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेत येत असेल तर, विवरणपत्र भरावं लागत नाही. बँकच हिशेब करते. कायद्यात १९४ पी हे कलम त्यासाठीच आलं. ८० वर्षांवरच्यांना आजही कागदी विवरणपत्र भरता येतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पोर्टल झेपत नाही हे सरकारला ठाऊक आहे. मग ही सवलत ६० पासून द्यायला काय हरकत आहे? ज्याचं सगळं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे आणि एकाच बँकेत दिसतं आहे, त्याची चुकीची कपात बँकेनेच परत का करू नये? आणि तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून दोन दिवस एक माणूस, एक टेबल, एक खुर्ची, एवढं तरी मागू की नको?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी आपल्याकडे लोक हळू आवाजात बोलतात. १२ हजारांचा प्रश्न बाकीच्यांसाठी १२ हजारांचा असतो. आमच्या घरात 'नाव जुळत नाही' हे वाक्य ऐकलं की दुसरीच धडकी भरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आसामच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली. त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती, आणि अनेकांच्या कागदांत असेच नावांचे फरक होते. त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातही लोक ट्रंका उघडून बसले होते. अब्बांच्या मृत्यूचा दाखला काढतानाच नावात काना राहिला, म्हणून मोठ्या भावाने तीन चकरा मारल्या. अम्मीने कॅफेत तो प्रश्न विचारला तेव्हा तिच्या आवाजात चिडचिड नव्हती, भीती होती. पैसे परत येण्यापेक्षा तिला हे हवं होतं की, तिचं नाव कुठेतरी एकदा 'बरोबर' म्हणून लिहिलेलं असावं.

शेवटी माझ्यावर येते, कारण दुसऱ्यांना बोलून झालं. तिच्या आधारवरची १ जून ही तारीख कुठून आली? शाळांतून. आमच्या पिढीच्या आणि आधीच्या हजारो मुलांच्या जन्मतारखा गुरुजींनी १ जून लिहिल्या, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण दाखवायची असायची. अम्मी दुसरीपर्यंत शिकली, तिच्या वाट्याला तेवढी तारीख आली. माझ्या वर्गातल्या तीन झुबेरांची नावं जनरल रजिस्टरमध्ये मीच लिहिली आहेत, आई-बापांनी तोंडी सांगितली तशी, प्रवेशाच्या गर्दीत, दोन मिनिटांत. त्या दोन मिनिटांवर पुढे कुणाची शिष्यवृत्ती, कुणाची नोकरी, कुणाच्या म्हातारपणीचे १२ हजार अडकणार आहेत, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

२०२४ च्या जूनमध्ये, अम्मीचं पॅन दुरुस्तीत अडकलेलं असताना, पहिलीचे प्रवेश झाले. मी प्रत्येक आईला खुर्चीवर बसवलं. आधी उर्दूत नाव लिहून घेतलं, मग जन्माचा दाखला पाहिला, मग मराठीत आणि इंग्रजीत लिहून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. एका मुलाला दहा मिनिटं लागली. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, रांग वाढतेय." मी म्हटलं, "सर, आज रांगेत उभं राहू द्या, पुढे कमी उभं राहावं लागेल."

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात आई, सासू, खाला, फुफी कुणाची ठेव असेल, तर आजच तिचं पासबुक बघा. पॅन आधारशी जोडलं आहे की नाही, हे कराच्या पोर्टलवर खातं न उघडताही बघता येतं, फक्त दोन्ही क्रमांक हवेत. जोडलेलं असेल आणि उत्पन्न कर लागण्याइतकं नसेल, तर एप्रिलमध्ये कर न कापण्यासाठीचा फॉर्म द्यायला विसरू नका. मोबाइल नंबर तिच्या स्वतःच्या हातात असलेला लावा, कुणाच्या आठवणीतला नको. आणि नाव विचारा. कसं लिहितेस, असं तिलाच विचारा.

पैसे आले त्या दिवशी मी अम्मीला पासबुक दाखवलं. तिने आकडा पाहिला, मग पहिल्या पानावर गेली. तिथे नवं छापील नाव होतं. बोट ठेवून म्हणाली, "ये मय हूं?" मी हो म्हटलं. तिने पासबुक बंद केलं आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं.